बिनगल्ल्याचं दुकान

मागच्या दिवाळीत आमच्या घरात एकाच वेळी दोन झारे चालू होते. एक स्वयंपाकघरात, बुंदी पाडायला. दुसरा बाहेरच्या खोलीत, माझ्या जुन्या लॅपटॉपवर. पुण्याहून आलेला भाचा सतरंजीवर मांडी घालून बसला होता. पेनड्राइव्ह खुपसत तो म्हणाला, "मामा, झारा टाकतोय बरं का." आतून ताबडतोब आवाज आला, "माझ्या झाऱ्याला कुणी हात लावायचा नाही! घाणा अर्धा राहिलाय."

मामीची समजूत घालायला त्याला दहा मिनिटं लागली. लिनक्स मिंट नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिच्या 22.2 या आवृत्तीचं नाव 'झारा' आहे, ती सप्टेंबर 2025 मध्ये आली आणि तिचा बुंदीशी काडीचा संबंध नाही. मामीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आत जाताना हातातला झारा जरा घट्टच धरला.

लॅपटॉप तसा धडधाकट होता. बॅटरी तेवढी केव्हाच वारली होती, पण वायर लावली की चालायचा. मात्र 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला, आणि विंडोज 11 त्याला घरात घेईना, कारण त्याच्या पोटात एक ठरावीक चिप नाही. मी निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो आणि वर्षभर जिवंत राहतो. लॅपटॉपला ती सोय नव्हती. चालतोय, बोलतोय, पण कागदावर गेलेला. आमच्याकडे असल्या वेळी मुलं म्हणतात, "विंडोज मारून देतो, गुरुजी." कुठून मारणार, ते विचारायचं नसतं. भाच्याने म्हटलं, मारामारी नको, सरळ मिंट टाकू.

मिंटवाल्यांची एक रीत मला फार आवडली. 2006 सालच्या पहिल्या 'एडा'पासून त्यांनी प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव दिलंय. नाव आकारान्त पाहिजे, आणि इंग्रजी वर्णमालेतलं एकेक अक्षर घेत पुढे सरकायचं. 2018 आणि 2019 ही दोन वर्षं 'टी' अक्षराची होती: तारा, टेसा, टीना, ट्रिशा. हे ऐकून मी हळहळलो. कारण आमच्या गावाच्या देवीचं नाव त्वरिता. 'टी'ने सुरू होणारं, 'आ'वर संपणारं, अगदी नियमात बसणारं नाव. वेळेवर कुणी कळवलं असतं तर ट्रिशानंतर त्वरिता आली असती आणि तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड हे गाव जगभरच्या संगणकांवर गेलं असतं. पण आता गाडी 'झेड'ला पोचली. आमचा अर्ज नेहमीसारखा मुदतीनंतर.

त्वरिता म्हणजे त्वरेने धावून येणारी. तुळजाभवानीच्या नावाचीही उकल जुनी माणसं इथूनच करतात. भक्तिणीच्या हाकेला तत्काळ धावली ती त्वरिता, त्वरितेची तुरजा, तुरजेची तुळजा. अशा देवीच्या पायाशी मी राहतो, आणि आमच्याकडे देवी सोडून दुसरं काहीच त्वरित येत नाही. पाऊस येत नाही, गॅसची गाडी येत नाही, लाईट येत नाही. नेट येतं, पण माळवदावर चढून फोन उत्तरेला धरला तर.

असो. भाच्याने झारा टाकला आणि म्हणाला, "मामा, आता पाहिजे ते सॉफ्टवेअर या दुकानातून घ्यायचं. इंटरनेटवर हिंडून कुठूनतरी उचलून आणायचं नाही." आणि त्याने दुकान उघडलं.

दुकान देखणं होतं. वर मोठाली चित्रं, खाली खण पाडलेले: ऑफिस, खेळ, चित्रकला, शिक्षण, आवाज आणि व्हिडिओ. प्रत्येक मालाला नाव, चित्र, चार ओळींचं वर्णन, चांदण्या आणि एक बटण. लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यांतही अशीच दुकानं आहेत म्हणे. ग्नोमवाल्यांचं नुसतं 'सॉफ्टवेअर', केडीईवाल्यांचं 'डिस्कव्हर', उबुंटूचं आता 'अ‍ॅप सेंटर'. मी सगळे खण पाहिले, वर पाहिलं, खाली पाहिलं. किंमत कुठेच नाही.

"गल्ला कुठाय?" मी विचारलं.

"गल्ला नाही, मामा."

माझा जन्म किराणा दुकानाच्या ओट्यासमोर गेला. दुकान म्हटलं की मला आधी गल्ला दिसतो, मग त्यामागे बसलेला माणूस, मग त्याच्या डोक्यावरची 'आज रोख उद्या उधार' ही पाटी, आणि त्या पाटीखालीच उधारीची लांबडी वही. दुकानदार आपल्याला ओळखतो, आपल्या बापालाही ओळखत असतो, आणि दोघांच्याही बाक्या त्याला पाठ असतात. इथे माल सगळा मांडलेला आणि माणूस नाही. उलट माल घेताना गिऱ्हाइकालाच पासवर्ड विचारतात. आपल्याच घरात काहीतरी ठेवायला आपली ओळख आपणच पटवायची! घरात नवीन भांडं आणताना हिची परवानगी लागते, तोच हा प्रकार असावा असं समजून मी पासवर्ड दिला.

एकच दुकान असं सापडलं की जिथे पैशाचा विषय निघतो. एलिमेंटरी नावाच्या दुसऱ्या एका लिनक्सच्या दुकानात 2017 पासून 'वाटेल तेवढे द्या' अशी पद्धत आहे. रक्कम आपणच लिहायची. शून्य लिहिलं तरी माल मिळतो. आमच्या देवळातल्या दानपेटीची हीच रीत, फरक एवढाच की पेटीजवळ मागे रांग उभी असते म्हणून शून्य टाकायला जरा जड जातं.

दुकानाची भाषा मी मराठी करून घेतली. म्हणजे अर्धी झाली. लिनक्सच्या मराठीत 'इन्स्टॉल'ला 'प्रतिष्ठापन' म्हटलेलं मी वाचलं आणि हात जोडले गेले. हे भाषांतर ज्याने कुणी केलं तो नवरात्रात करत असणार. छोटा कॅल्क्युलेटर घ्यायचा तरी प्रतिष्ठापना! मग काढून टाकायचा असेल तर 'विसर्जन' का नाही? तिथे मात्र सरळ 'काढून टाका'. मी थट्टा करतो खरी, पण पुण्यात रेड हॅटच्या कचेरीत बसून काही मंडळींनी वर्षानुवर्षं एकेक वाक्य मराठीत आणलं, 'लोहित' नावाचा देवनागरी टंक फुकट वाटला. त्यांच्या आधी संगणक माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलत नव्हता. देवाच्या भाषेत का होईना, बोलायला लागला.

तर बिनगल्ल्याचं हे दुकान मला पहिले आठ-दहा दिवस दुकान म्हणून काही पचेना. मग एकदा हिशेब लागला. हे दुकानच नव्हे. हे पेव आहे.

आजच्या मुलांना पेव म्हणजे 'फुटतं' ते एवढंच ठाऊक. क्लासेसचं पेव फुटलं, बुवांचं पेव फुटलं. मुळात पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आमच्या मराठवाड्यात ज्वारी अशीच ठेवायचे. वर तोंड अरुंद, आत माणूस बुडेल एवढं पोट, आणि तोंड लिंपून बंद. वरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे त्याचा पत्ता नसायचा. लिनक्सच्या या दुकानांखाली असंच असतं. त्याला ते 'रिपॉझिटरी' म्हणतात. डेबियन नावाच्या घराण्याचं पेव 1993 पासून भरत आलंय. इयान मरडॉक नावाच्या पोराने ते सुरू केलं, आणि मैत्रिणीचं डेब्रा नि आपलं इयान अशी दोन नावं सांधून त्याचं नाव ठेवलं. उबुंटू त्याच पेवातून धान्य उचलतं, आणि माझं मिंट उबुंटूकडून. म्हणजे मी खातो ती भाकरी तिसऱ्या हातची, पण ज्वारी डेबियनची.

पेवातून धान्य वर काढायचं अवजार 'अ‍ॅप्ट' हे 1998 सालचं आहे. अ‍ॅपलने आपलं दुकान थाटलं 2008 च्या जुलैत, आणि जगाने टाळ्या वाजवल्या. तोवर लिनक्सवाले दहा वर्षं पेवातून धान्य काढत होते, पण काळ्या पडद्यावर अक्षरं बडवून. पेवाला दर्शनी ओटा बांधून वर चित्रं लावायचे प्रयत्नही झाले. 2002 मध्ये 'लिंडोज' नावाच्या एका कंपनीने टिचकी मारली की सॉफ्टवेअर येईल अशी सोय केली होती. पण ओटा खरा रुळला तो ऑक्टोबर 2009 मध्ये, उबुंटूच्या सॉफ्टवेअर सेंटरमुळे. चार वर्षांनी ग्नोमने आपला बांधला.

माझी आणि या पेवाची पहिली भेट मात्र 2008 सालची, आणि ती फजितीचीच. तेव्हा उबुंटूवाले मागेल त्याला घरपोच सीडी पाठवत. टपालखर्चसुद्धा तेच भरत. 2005 पासून 2011 पर्यंत त्यांनी ही चैन केली. मी गेवराईच्या एका नेट कॅफेत बसून पत्ता टाकला आणि विसरून गेलो. काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन शाळेत हजर. स्टाफरूममध्ये दुपारच्या सुट्टीपर्यंत बातमी पसरली होती की गुरुजींचं कुणीतरी परदेशात आहे. पाकिटात सीडी निघाली. आवृत्तीचं नाव 'हार्डी हेरॉन', म्हणजे काटक बगळा. मी तो बगळा शाळेच्या संगणकावर बसवला. सुंदर बसला. मग मुलांना ऐकवायला म्हणून एक भारूड लावलं. बगळा म्हणाला, हे वाजवायला कोडेक लागतं. शोधू का? मी म्हटलं, शोध. तो म्हणाला, इंटरनेट नाही.

एमपीथ्रीचं पेटंट तेव्हा जिवंत होतं, म्हणून ते वाजवायचं सामान सीडीवर देत नसत, पेवातून घ्या म्हणत. पेव होतं, पण पेवापर्यंत रस्ता नव्हता. वर्गातली पस्तीस पोरं माझ्याकडे बघत होती. शेवटी ते भारूड मीच म्हणून दाखवलं.

तसं पाहिलं तर या अडचणीवर तोडगा एका भारतीयाने काढलेला आहे. रितेश राज सराफ या डेबियनच्या कार्यकर्त्याने 'अ‍ॅप्ट-ऑफलाइन' लिहिलं. बिननेटच्या संगणकाने आपल्याला काय काय हवं त्याची चिठ्ठी पेनड्राइव्हवर लिहून द्यायची, ती नेट असलेल्या गावाला न्यायची, तिथे यादीबरहुकूम माल भरायचा आणि आणून ओतायचा. तालुक्याला जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी आणि पिशवी देऊन 'येताना एवढं घेऊन ये' म्हणणारं गाव आमचं. त्यामुळे हे अवजार समजायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पुण्यातल्या भाच्याला समजावून सांगावं लागलं.

आता झाऱ्यात नवीन भानगड. एकाच मालाला दोन पुड्या. दुकानात नावाशेजारी एक छोटी खिडकी असते, तिच्यात 'सिस्टिम पॅकेज' निवडा नाहीतर 'फ्लॅटपॅक'. मी एक साधी टिपणवही घ्यायला गेलो. पहिली पुडी दोन-तीन एमबीची. दुसरी कित्येक शे एमबीची. माल तोच!

"हे काय रे?" मी फोन लावला.

भाच्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं. सिस्टिम पॅकेज म्हणजे गावात नांदणारं घर. स्वतःची विहीर नाही, गावच्या आडावर पाणी भरायचं. त्यामुळे संसार आटोपशीर. पण आडाचं पाणी बदललं की अख्ख्या गावाच्या पोटात दुखतं, आणि एकाला जुनं पाणी मानवतं तर दुसऱ्याला नवंच हवं असतं. यावरून लिनक्सच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. फ्लॅटपॅक म्हणजे आमची ऊसतोडीची टोळी. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर भांडी, गोधड्या, पीठ, शेळी, कोंबड्या, लेकरं. कारखान्याच्या माळावर कोपी उभारायची आणि आपला संसार आपण करायचा. त्या गावच्या आडावर विसंबायचं नाही, त्या गावच्या भांडणात पडायचं नाही. फ्लॅटपॅकही तसाच सगळा संसार पाठीवर घेऊन येतो आणि आपल्या कोपीत राहतो. कोपीबाहेर हात घालायचा तर परवानगी घ्यायची. त्याच जातीची दुसरी टोळी आली तर चूल एकच वापरतात, म्हणून पहिल्यांदा सामान जास्त आणि नंतर कमी. ही तुलना करताना जरा अपराध्यासारखं वाटतं. फ्लॅटपॅकला कुणा मुकादमाची उचल फेडायची नसते.

आणि मग उबुंटूवाल्यांचा 'स्नॅप' नावाचा तिसरा प्रकार आहे, चौथा आहे, पाचवा आहे. पेवांचंच पेव फुटलंय. कुणी तिथे फार रमू नये.

आता अपडेटचं सांगतो. मिंटच्या खालच्या पट्टीत एक छोटी ढाल असते. नवीन अपडेट आले की तिच्यावर ठिपका उमटतो. ठिपका उमटला की मला चैन पडत नाही. वही तपासायची राहिली की जसं व्हायचं तसं होतं. पण माझं नेट म्हणजे फोनचं, दिवसाला दोन जीबी, आणि ते हिचे कीर्तनाचे व्हिडिओ आणि नातवाची कार्टुनं यांत संध्याकाळीच संपतं. नवा कोटा रात्री बाराला. म्हणून मी रात्री बारापर्यंत जागतो.

परवा असाच बसलो होतो. बारा वाजून पाच मिनिटं. ढालीवर टिचकी मारली, सहाशे एमबीची यादी आली, 'अद्ययावत करा' दाबलं. दारावरून बॅटरीचा उजेड गेला, थांबला, परत आला. शेजारी होता, खांद्यावर टिकाव, पायात गमबूट. शेतीची थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची, तीही बारानंतर. तो पाणी द्यायला निघाला होता.

"काय करायलेत गुर्जी एवढ्या रात्री?"

"अपडेट."

"आमच्यासारखंच की मंग. रात्रीच पाणी सोडायचं अन् दारं धरून बसायचं." आणि दोन पावलं जाऊन मागे वळून म्हणाला, "साप-किरडू बघा हां."

तो गेला, यादीतली निळी पट्टी निम्म्यावर आली, आणि लाईट गेली. बॅटरी वारलेली हे आधी सांगितलंच आहे. लॅपटॉप 'टक्' करून काळा.

पाऊण तासाने लाईट आली. लॅपटॉप उठला, पण दुकान उघडेना. ढाल म्हणाली, मध्येच काम तुटलं आहे, आता हातानेच निस्तरा. भाच्याची रात्रपाळी असते, अमेरिकेच्या घड्याळावर. त्याने दोन रिंगांत उचलला.

"मामा, टर्मिनल उघडा. काळी खिडकी. लिहा: एस, यू, डी, ओ."

"सूड?"

"सुडो. मग जागा सोडा. मग डी, पी, के, जी. परत जागा. मग हायफन, हायफन…"

"म्हणजे संयोगचिन्ह?"

"हो, दोन. जोडून."

तेहतीस वर्षं मी शुद्धलेखन घातलं. मी सांगायचं, पोरांनी लिहायचं, आणि एका जागी दोन संयोगचिन्हं दिली की अर्धा गुण कापायचा. आता काळ उलटला होता. मी लिहीत होतो आणि तो सांगत होता, आणि तोसुद्धा मध्ये थांबून "झालं?" विचारत होता, हुबेहूब माझ्याच सुरात. 'कॉन्फिगर'चं स्पेलिंग मी त्याला विचारलं नाही. मामालाही काही अब्रू असते. पहिल्या खेपेला चुकलं, दुसऱ्या खेपेला बरोबर आलं. शेवटी आणखी एक संयोगचिन्ह आणि एक 'ए'. पासवर्ड टाकला, त्याच्या जागी चांदण्या उमटल्या, आणि पडद्यावर ओळी धो धो वाहायला लागल्या. आडातून पोहरा वर यावा तसं एकेक अर्धवट राहिलेलं पॅकेज वर येत होतं.

"मामा, एवढं बघत काय बसता? झोपा आता."

पण मला उठवेना. महिनाभर त्या देखण्या ओट्यावर बसून एवढं कधी दिसलं नव्हतं. तिथे एक निळी पट्टी सरकते आणि 'झालं' म्हणते. पेवाच्या आतली माणसाएवढी खोली मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली.

म्हणून काळी खिडकीच बरी, असं मात्र मी म्हणणार नाही. ती निमूट ऐकते, हाच तिचा दोष. 2021 च्या नोव्हेंबरात लायनस सेबॅस्टियन या कॅनडाच्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस नावाच्या लिनक्सच्या दुकानातून एक खेळांचा प्रोग्राम घ्यायचा प्रयत्न केला. दुकानाने नाही म्हटलं. मग गडी काळ्या खिडकीत गेला. तिने भलीमोठी यादी दाखवून बजावलं की याने घराची महत्त्वाची माणसं बाहेर जातील, तरी करायचंच असेल तर 'हो, मी सांगतो तसं कर!' हे पूर्ण वाक्य टाइप करा. त्याने ते केलं. तिने सांगितल्याप्रमाणे सगळा डेस्कटॉप उचलून बाहेर टाकला. लाखो लोकांनी बघितलं. पुढे त्या वाक्याची वाट बुजवली, पण त्या दुकानाचा नकार किती शहाणा होता हे मला कुणीच बोललेलं आढळलं नाही.

पेव उघडायची जुनी माणसांची एक पद्धत होती. झाकण काढलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणूस मारते. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीने दिवा सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' नावाचा असा दिवा आहे. ठरलेल्या वेळी प्रणालीची नोंद घेऊन ठेवतो, बिघडलं तर कालच्या दिवसाला परत नेतो. भाच्याने तो दिवाळीतच लावून दिला होता. तो जागा खातो म्हणून मी बंद केला होता. ही कबुली इथे देतो, त्याला फोनवर दिलेली नाही.

दुकानाच्या दर्शनी भागात चांदण्या असतात आणि खाली गिऱ्हाइकांची मतं. 'उघडत नाही, एक चांदणी.' 'छान आहे, एक चांदणी.' बाजारात भाव विचारून पुढे जाणारी माणसं इथेही आहेत, बाकी काही नाही. पण ज्यांना चांदण्या मिळत नाहीत ती माणसं पेवात आत बसलेली असतात.

29 मार्च 2024 रोजी अशाच एका माणसाची गोष्ट बाहेर आली. 'एक्सझेड' नावाचं एक बारीकसं अवजार जवळजवळ प्रत्येक लिनक्सच्या पोटात असतं. फायली दाबून लहान करायचं काम. ते राखायला माणूस एकच, तोही थकलेला, बिनपगारी. दोनेक वर्षं कुणी 'जिया टॅन' नावाने त्याला मदत करत आला, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या, आणि चोरवाट खणून ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर एवढंच जाणवलं की दुसऱ्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने खोदत जाऊन चोरवाट पकडली. पक्क्या, स्थिर डेबियनमध्ये ती पोचलीच नव्हती. आमच्या तलवाड्यात अर्धा सेकंद उशीर झाला हे कुणाच्या कधी ध्यानात आलं असतं? आम्ही त्याला 'वेळेवर आलं' म्हणतो.

उलट दुकानं जितकी मोकळी, तितके भामटे जास्त. स्नॅपच्या दुकानात 2018 मध्ये एका खेळाच्या आड कुणीतरी आभासी नाणी खणायचं यंत्र लपवलं होतं, आणि 2023 मध्ये खोटी पाकिटं मांडून लोकांची तसलीच नाणी पळवली. तेव्हा मालकांना नवीन नावं काही काळ माणसांकडून तपासून घ्यावी लागली. मिंटनेही आता ज्या फ्लॅटपॅकच्या कर्त्याची ओळख पटलेली नाही तो दुकानात मुळात मांडायचाच नाही असं ठरवलंय. बघायचा तर मुद्दाम पडदा सारावा लागतो. अनोळखी माणसाला ओट्यावर बसवायचं नाही, हे आमच्या आजीलाही कळत होतं.

एक तक्रार मात्र आहे. भाच्याने मला त्या रात्री फोन ठेवता ठेवता एक गंमत सांगितली. काळ्या खिडकीत 'अ‍ॅप्ट' लिहून पुढे 'मू' लिहायचं. पडद्यावर अक्षरांनी काढलेली एक गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का? अ‍ॅप्टच्या मदतीच्या पानावरही शेवटी लिहिलेलं असतं की या अ‍ॅप्टच्या अंगी 'सुपर काऊ'ची शक्ती आहे. मी त्याचं मराठी 'महागाईची शक्ती' असं केलं. भाचा म्हणाला, "मामा, फुकटच्या दुकानात महागाई कशाला?"

पण ही गाय फक्त काळ्या खिडकीत आहे. देखण्या दुकानात कुठे नाही. मी सगळे खण पुन्हा पाहिले, शोधपट्टीत 'गाय' लिहून पाहिलं. बटण नको, चांदण्या नकोत, पण कोपऱ्यात एक गाय बांधायला काय हरकत होती? मिंटवाल्यांनी विचार करावा. जमलं तर 'टी'ची पाळी पुन्हा येईल तेव्हा त्वरितेचाही करावा.

हे लिहून होईस्तोवर ढालीवर ठिपका आलाय. एकोणीस अपडेट, दोनशे दहा एमबी. शेजाऱ्याची लाईट आजही बाराचीच आहे. टाइमशिफ्ट चालू केलंय.